आईच्या छातीची ऊब

कमी दिवसांचं बाळ दवाखान्यातून घरी आलं, की आपल्याला धडकी भरते. काचेच्या पेटीशिवाय ते कसं जगेल?

१९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात, बोगोटा शहरात, पेट्याच अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं, त्यातून जंतुसंसर्ग. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी कापडानं बांधायला लावलं, आईचंच दूध द्यायला सांगितलं. तब्येत स्थिरावली, की बाळ तसंच घरी. तपासणी मात्र चालू. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनंही ही कांगारू पद्धत स्वीकारली.

ही ऊब बाप, आजीही देऊ शकतात. बाळ दूध ओढेना, गार पडलं, तर लगेच दवाखाना गाठायचा.

गटात ठरवू या: अशा बाळंतिणीचं पाणी-सरपण आपण बघू. तिचे हात बाळासाठी मोकळे राहू देत.