अय्यंगार योग

अय्यंगार योग ही बी.के.एस. अय्यंगार (१४ डिसेंबर १९१८ – २० ऑगस्ट २०१४) यांनी पुणे येथे विकसित केलेली योगाभ्यासाची पद्धती आहे. शरीराची अचूक ठेवण, आसनातील स्थैर्य व साधनांचा उपयोग ही तिची वैशिष्ट्ये होत.

उगम व प्रसार

कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मलेल्या अय्यंगारांचे बालपण हिवताप, विषमज्वर व क्षय अशा आजारांत गेले. म्हैसूर येथे मेहुणे व गुरू तिरुमलै कृष्णमाचार्य यांच्याकडे आसने शिकून ते १९३७ मध्ये अध्यापनासाठी पुण्यात आले. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी भेट झाल्यानंतर पद्धतीचा युरोपात प्रसार झाला. ‘लाइट ऑन योगा’ हा त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्नीच्या स्मरणार्थ स्थापलेली रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ पासून पुण्यात कार्यरत आहे.

पद्धती

अभ्यासाचा आरंभ प्रायः उभ्या स्थितीतील आसनांनी होतो. त्यांमुळे पाय व पाठीचा कणा बळकट होतात. ठोकळे, पट्टे, लोड, खुर्ची व दोर यांच्या आधारामुळे वृद्ध, आजारी किंवा ताठर शरीराच्या साधकालाही आसनात अधिक काळ राहता येते. आसनांत स्थैर्य आल्यावरच प्राणायाम शिकवला जातो.

ध्यानविषयक भूमिका

पतंजलीने सांगितलेली योगाची आठ अंगे आसनातच एकत्र अभ्यासता येतात, असे अय्यंगार मानत. त्रिकोणासनात पुढच्या पायाकडे पाहताना मागील टाचेचे भान सुटते. ते भान सर्व शरीरभर समान राखणे म्हणजेच एकाग्रतेचा अभ्यास होय. अशा रीतीने शरीराच्या निरीक्षणातून साधक स्वतःच्या सवयी, भीती व मनाची चंचलता ओळखू लागतो.