गावोगावच्या भेटी आणि आपला इतिहास

इतिहास ग्रंथालयात सापडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. गोंदिया जिल्ह्यापुरते बोलायचे तर ती अर्धीच खरी आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. परंतु त्याच्या आठ तालुक्यांतील गावे व तलाव त्याहून कितीतरी जुने आहेत. त्यांचा वृत्तांत कागदावर थोडा आणि वृद्धांच्या मुखी फार, अशी स्थिती आहे. तो ज्यांनी मिळविला, त्यांनी तो गावोगाव जाऊनच मिळविला.

पूर्वी भाट वही घेऊन घरोघर येत आणि कुळांची नावे लिहून नेत. पुढे इंग्रजी अमलात अधिकारी हिवाळ्यात तंबूसह फिरू लागले. रसेलसाहेबांनी संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ साली निघाले. १९१६ साली रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील कित्येक प्रकरणांना शाळा-तपासनिसांच्या टिपणांचा आधार होता. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाची संख्या १९११ साली सुमारे २६ हजार होती, हे त्यावरून कळते. मात्र हे लोक पाण्याची वाटणी कशी करीत, कोणाच्या शब्दाने तंटा मिटे, हे अशा नोंदींतून पुरते उमगत नाही. त्यासाठी ओसरीवर बसावे लागते.

नवेगावबांधचे उदाहरण पाहावे. तेथील विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तेथे वनाधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्ली यांनी गावातील माधवराव पाटील डोंगरवार यांच्याशी स्नेह जोडला. पक्ष्यांची नावे, जंगलाच्या खुणा, तलावाच्या आख्यायिका या सहवासातून त्यांना मिळाल्या आणि मराठी साहित्यात कायम झाल्या. चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. लेखन मात्र राहिले. अधिकारी श्रोता होऊन बसला, त्याचे हे फळ होय.

आता प्रवास सुलभ झाला आहे. १८८२ पर्यंत लोहमार्ग गोंदियावरून राजनांदगावपर्यंत पोचला. नागपूर-रायपूर हमरस्ता तर इतका जुना की, सडक-अर्जुनी या गावाच्या नावातच तो शिरला आहे. बैलगाडीच्या काळी वाटसरूला मुक्काम करावाच लागे आणि मुक्कामी बोलणे होई. आज मोटार देवरीवरून क्षणात निघून जाते. रस्ता सुधारला, भेट मात्र दुरावली.

हा विलंब परवडणारा नाही. १९५१ साली मालगुजारी संपली आणि हजारो तलाव सरकारकडे गेले. पाळ कोणी दुरुस्त करावी, तुडुम कधी उघडावे, शेवटच्या बांधीला पाणी कसे पोचवावे, ही व्यवस्था डोळ्यांनी पाहिलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यामागे ती सांगणारा उरणार नाही.

म्हणून तरुण बांधवांना विनंती अशी की, धानाची मळणी आटोपल्यावर दोघातिघांनी मिळून निघावे. तिरोडा, आमगाव, सालेकसा, मोरगाव अशा ठिकाणी बाजाराच्या दिवशी थांबावे आणि तेथून आतल्या खेड्यांत जावे. केवळ आपल्याच जातीच्या घरी बसू नये. तलाव कोहळ्यांचा असला तरी त्याच्या पाण्यावर सर्वांचे धान पिकले. स्त्रियांनाही विचारावे, कारण माहेर-सासर अशा दोन गावांचा इतिहास त्यांच्यापाशी असतो. सांगणाऱ्याचे नाव व तारीख टिपावी आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. चूक असेल तर ते तेथेच दुरुस्त करतील.

भाटाची वही बंद पडली म्हणून हळहळण्यापेक्षा नवी वही उघडणे हेच समाजाच्या हिताचे आहे.