व्यसन सुटतानाच्या त्रासाचा शोध

वर्गात व्यसनांविषयी बोलायचे ठरले की आपण बहुधा व्यसन कसे लागते ते सांगतो, त्याच्या वाटेला जाऊ नका असे बजावतो आणि थांबतो. पण एखाद्या विद्यार्थ्याच्या घरात कोणी व्यसन सोडण्यासाठी धडपडत असेल, तर त्याचा प्रश्न वेगळाच असतो : हा त्रास कधी संपतो का? या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने कसे शोधले, ते आपण पाहू.

मॉर्फीन किंवा हेरॉइनची सवय झालेल्या माणसाला ते मिळेनासे झाले की जांभया येतात, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळते, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येतो, झोप उडते. आपल्याकडे गर्द ओढणारे याला ‘टर्की’ म्हणतात. पूर्वी अनेक जण हे दुबळ्या मनाचे लक्षण, नाहीतर सोंग समजत.

१९३५ साली अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी आणि आपणहून येणाऱ्या रुग्णांसाठी सरकारी रुग्णालय सुरू झाले. तेथील डॉ. क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी या त्रासाला मोजपट्टी लावली. जांभया, घाम, ताप, रक्तदाब, वजनातील घट यांना गुण देऊन त्यांनी नोंदी ठेवल्या. मॉर्फीन बंद केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोहोचतो आणि आठ-दहा दिवसांत बराचसा ओसरतो, असे त्यांना दिसले. काही सूक्ष्म बदल मात्र पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. कैद्यांवरील अशा प्रयोगांवर पुढे रास्त टीका झाली आणि १९७०च्या दशकात ते थांबले. पण ‘त्रासाला चढ आहे तसा उतारही आहे’ ही गोष्ट त्यांतून प्रथमच आकड्यांनी दिसली.

त्याच रुग्णालयात डॉ. अब्राहम विक्लर यांना एक कोडे पडले. कित्येक महिने मॉर्फीनला न शिवलेले रुग्ण एकत्र बसून व्यसनाच्या गप्पा मारू लागले की त्यांना जांभया येत, डोळे पाणावत. मॉर्फीन तर शरीरातून केव्हाच गेलेले! विक्लरना पाव्हलॉव्हचा कुत्रा आठवला. खाण्याशी जोडलेल्या खुणेने जशी लाळ सुटते, तसे जुन्या जागा, जुने सोबती आणि जुने विषय शरीरातली जुनी खळबळ जागी करतात, असे त्यांनी १९४८ साली मांडले.

पण पेशींच्या आत नेमके काय घडते? १९७५ साली शर्मा, क्ली आणि नोबेल पारितोषिक विजेते मार्शल निरेनबर्ग यांनी चेतापेशींपासून तयार केलेल्या संकरित पेशी मॉर्फीनमध्ये वाढवल्या. मॉर्फीनने पेशींतील एका विकराचे काम मंदावले. काही काळाने पेशींनी त्या विकराची क्षमता वाढवून तूट भरून काढली. मग मॉर्फीन काढून घेताच विकराचे काम प्रमाणाबाहेर वाढले. समजा, दाराला पलीकडून कोणी रेटा देतो आहे आणि आपण अलीकडून तितकाच रेटा देऊन दार सांभाळतो आहोत. पलीकडचा अचानक बाजूला झाला, तर आपण तोल जाऊन पुढे पडणारच. पेशींचे असेच झाले होते. मात्र पुढे त्या पूर्वस्थितीवर आल्या. काचेच्या बशीतल्या पेशींना ना इच्छाशक्ती, ना चारित्र्य. तरीही मॉर्फीन काढल्यावर त्यांचा तोल गेला आणि सावरलाही. आम्हां संशोधकांना या प्रयोगाचे मोल वाटते ते यासाठी.

अर्थात माणूस म्हणजे नुसत्या पेशी नव्हेत. १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तेथे आपण व्यसनाधीन झालो होतो, असे सुमारे २० टक्के सैनिकांनी सांगितले. मायदेशी आल्यावर त्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले सुमारे ५ टक्केच! ‘एकदा व्यसनी तो कायमचा व्यसनी’ या समजाला हा धक्का होता. पण या सैनिकांचा परिसर मागे राहिला होता, हे विसरू नये. ज्याला त्याच गल्लीत, त्याच मित्रांमध्ये राहायचे आहे, त्याची लढाई अधिक अवघड असते. म्हणूनच पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांत औषधांइतकाच कुटुंबाच्या सहभागावर आणि पुढच्या पाठपुराव्यावर भर असतो.

दोन इशारे दिलेच पाहिजेत. खूप दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांची मदत हवीच. आणि काही काळ हेरॉइन सोडलेल्याने पूर्वीइतकी मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते, कारण शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते.

आता त्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? त्रास खरा आहे, पण तो उतरतो. शरीराने सवयीसाठी केलेले बदल शरीरच उलगडत असते; त्याला वेळ लागतो. मध्येच पाय घसरला, तर केलेले सगळे कष्ट वाया गेले असे नव्हे. पुन्हा उपचारांकडे वळता येते. त्या काळात घरच्यांनी टोमणे मारण्याऐवजी सोबत राहणे, ही मोठीच मदत होय.