भुकेचें ठिकाण
स्थूल मनुष्य दिसला कीं त्यास खादाड ठरवून आपण मोकळे होतों. १९०१ सालीं व्हिएन्ना येथील डॉ. फ्रोलिख यांनीं एका लठ्ठ मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. दोष जिभेचा म्हणावा, तर त्याच्या मेंदूच्या तळाशीं गांठ निघाली! १९४० मध्यें अमेरिकेंत हेदरिंग्टन व रॅन्सन यांनीं उंदरांच्या त्याच तळच्या ‘हायपोथॅलॅमस’ भागास इजा केली, तों ते बेसुमार फुगले. १९५१ त आपल्याकडील बालकृष्ण आनंद यांनीं ब्रोबेक यांजसह शेजारचाच भाग निकामी केला. उंदीर पुढ्यांतल्या अन्नास तोंड न लावतां मेले. मग भूक व तृप्ति यांचीं दोन केंद्रें मानण्याची चाल पडली. पुढें चित्रणयंत्रें आलीं. मोह, चव, संयम यांचीं मेंदूंतील जाळीं स्थूल माणसांत पुष्कळदां निराळ्या रीतीनें जोडलेलीं आढळतात. तें लठ्ठपणाचें कारण कीं परिणाम, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.