तीन नंबरचा बावटा

पावसाळ्यात घारापुरीला जायचा बेत नवी मुंबईच्या घरांत चटकन ठरतो. उन्हाळ्याची सुट्टी संपलेली असते, गणपतींना अवकाश असतो, बेटावर गर्दी नसते आणि डोंगर हिरवागार झालेला असतो. 12 जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाऊ लागली, तेव्हापासून तर काम आणखी सोपं झालं. शनिवारी सकाळी नेरूळ किंवा बेलापूरहून गाडी पकडायची, उरणला उतरून रिक्षाने मोरा बंदर गाठायचं. पिशवीत डबा, मुलांच्या अंगावर रेनकोट. आणि धक्क्यावर कुणीतरी सांगतं, "तीन नंबर लागलाय, ताई. आज लाँच नाय." पाऊस तर थांबलेला असतो. पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगर स्पष्ट दिसत असतो. मग चिडचिड सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा धक्क्यावरच्या माणसावर निघते.

तो माणूस फक्त निरोप सांगत असतो. निरोप कुलाब्याच्या वेधशाळेतून आलेला असतो आणि निरोप देण्याची ही पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती कशी आली हे नवी मुंबईकरांनी जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिची प्रत्येक पायरी बुडालेल्या माणसांमुळे पडलेली आहे.

सुरुवात ब्रिटनच्या किनाऱ्यावर झाली. ऑक्टोबर 1859 मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वेल्सच्या अँगलसी बेटापाशी वादळात फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. ब्रिटनच्या हवामान खात्याचा प्रमुख तेव्हा रॉबर्ट फिट्झरॉय होता. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचा हाच कप्तान. वादळ एका किनाऱ्यावर धडकलं की पुढच्या किनाऱ्यावर पोचायला त्याला काही तास लागतात, तार मात्र क्षणात पोचते, हे त्याने ओळखलं. 1861 च्या फेब्रुवारीत त्याने बंदरांना तारेने इशारे पाठवायला सुरुवात केली. बंदरावरच्या डोलकाठीला शंकू किंवा पिंप टांगायचं, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या खलाशालाही लांबून कळेल. आपण आज बावटा म्हणतो, पण दिवसा चढवतात ते शंकू आणि नळकांडी याच घराण्यातली. रात्री त्यांच्या जागी लाल-पांढरे दिवे लागतात.

हिंदुस्थानात ही पद्धत येण्यासाठी त्याहून कितीतरी मोठा संहार व्हावा लागला. 5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. हुगळीतून चढलेल्या पाण्याने आणि वाऱ्याने सुमारे 60 हजार माणसं मेली असं मानलं जातं. महिनाभरात मच्छलीपट्टणमला दुसरं वादळ धडकलं. 1865 मध्ये कलकत्ता बंदरात इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. 1875 मध्ये हेन्री ब्लॅनफर्डच्या हाताखाली भारतीय हवामान खातं उभं राहिलं. आपल्या किनाऱ्याची पाळी 1880 मध्ये आली: मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार या बंदरांवर इशारे चढू लागले. पुढे बंदरोबंदरी वेगवेगळ्या खुणा झाल्या आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारा तांडेल गोंधळू लागला. म्हणून 1898 मध्ये सर्व बंदरांसाठी आकड्यांची एकच पद्धत ठरली. तीच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे.

आकडे एकूण अकरा. पहिला म्हणजे दूर समुद्रात हवा बिघडते आहे, वादळ तयार होऊ शकतं. दुसरा म्हणजे वादळ तयार झालं आहे, पण अजून लांब आहे. हे दोन्ही मुख्यतः बंदर सोडून निघणाऱ्या जहाजांसाठी. तिसऱ्या आकड्यापासून गोष्ट आपल्या दारात येते: याच बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे. चौथ्यात वादळाचाच धोका, पण अजून शेवटचे उपाय करण्याइतका नाही. पाच, सहा आणि सात हे धोक्याचे. आठ, नऊ आणि दहा हे महाधोक्याचे. या दोन त्रिकुटांतला बारकावा पाहण्यासारखा आहे. पाच आणि आठ म्हणजे वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाणार. सहा आणि नऊ म्हणजे उजव्या हाताला ठेवून. सात आणि दहा म्हणजे थेट बंदरावरून किंवा अगदी जवळून. डाव्या-उजव्याचा एवढा विचार का? आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. त्यामुळे त्याच्या उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात, आणि किनाऱ्यावर येताना समुद्राचं पाणीही तिथेच जमिनीवर ढकललं जातं. कोणत्या बाजूची दोरखंडं आधी आवळायची हे नाखव्याला त्या एका आकड्यावरून कळतं.

अकरावा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याचा अर्थ: वेधशाळेशी संपर्क तुटला आहे, आणि हवा बिघडणार असं इथल्या अधिकाऱ्याचं स्वतःचं मत आहे. ज्यांनी ही यादी केली त्यांनी तार तुटू शकते हे गृहीत धरलं आणि तेव्हा काय करायचं हेही लिहून ठेवलं. धक्क्यावर उभ्या असलेल्या, आभाळ वाचता येणाऱ्या माणसावर त्यांनी अखेरचा भरवसा टाकला.

आपल्या पावसाळ्यात बहुतेक वेळा लागतो तो तिसराच. मच्छीमारांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांत एक वाक्य नेहमी असतं: वारे ताशी 45 ते 55 किलोमीटर, मधूनच 65 चा झोत. जमिनीवर एवढ्या वाऱ्याने छत्री उलटते. उघड्या पाण्यावर, माणसांनी भरलेली लाँच बंदराबाहेर पडून आडव्या लाटेवर आली की तिला उलटवायला तेवढा वारा पुरतो. आणि तो झोत सांगून येत नाही. समोरचं बेट स्पष्ट दिसणं आणि तिथवरचं पाणी सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बावटा असूनही माणसं बुडत राहिली, याचं कारण बावटा फक्त धक्क्यावरच्या माणसाशी बोलतो. एकदा बोट सुटली की तो दिसत नाही. 8 नोव्हेंबर 1888 रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली आगबोट 'वैतरणा' सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावरच्या विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून अधिक माणसांपैकी एकही सापडलं नाही. 1927 च्या नोव्हेंबरात कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळात गेल्या. आणि 17 जुलै 1947. आषाढी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' कासाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं; मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली. तोवर जी काही माणसं वाचली ती मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांमुळे. त्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात लोटली आणि जागा करून माणसं वर ओढली. दिवसभराची कमाई त्यांनी एका क्षणात समुद्राला परत दिली. या अपघातानंतर प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचं झालं.

कोळ्यांकडे बावट्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःचं पंचांग होतं. आगोट आली, म्हणजे पावसाळा तोंडावर आला, की होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, जाळी विणायला घ्यायची. नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहायचा आणि मगच पाण्यात उतरायचं. दिवाळे, सारसोळे, करावे या नवी मुंबईच्या गावांत ते आजही पाळतात. सरकारचा 1 जून ते 31 जुलैचा मासेमारीबंदीचा काळ याच पंचांगाच्या जवळून जातो. गेटवे ते मांडवा लाँचही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद असतात. मोरा ते भाऊचा धक्का हा मार्ग मात्र बंदराच्या आतला, म्हणून तो पावसाळाभर चालतो, आणि म्हणूनच त्याला तीन नंबरचा बावटा लागतो. पूर्ण बंद असलेल्या दारावर पाटी लावावी लागत नाही.

सहलीला निघालेल्यांनी घारापुरीच्या गावकऱ्यांचाही विचार करावा. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तिथली तीन गावं. समुद्राखालून केबल टाकून 2018 मध्ये त्यांना चोवीस तास वीज मिळाली. पण बावटा लागला की दूध, भाजी, औषध, दवाखाना, सगळं त्या एका आकड्यावर थांबतं. आपला शनिवार फुकट जातो तेव्हा तिथे कुणाची तरी तपासणीची तारीख चुकलेली असते. ते बंदर निरीक्षकाशी भांडत नाहीत. आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज घेतात आणि काम एक दिवस आधी उरकतात. पावसाळ्यात बेटावर जायचं तर हीच रीत घ्यावी: निघण्याआधी बंदरावर फोन करावा, परतीची लाँच चालेल का तेही विचारावं, आणि सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवावं.

बावटा नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. त्यात हवेचा काही दोष नव्हता. बावटा वाऱ्याचं सांगतो. लाँचमध्ये माणसं किती चढली आहेत आणि मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे की नाही, हे आईबापांनी बघायचं आणि नसेल तर तोंडाने मागून घ्यायचं.

धक्क्यावरचा बावटा समुद्रात दिसत नाही, ही 'रामदास'च्या काळची उणीव आता भरून निघू लागली आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये एका योजनेचा आरंभ झाला. तिच्यातून देशभरच्या एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवायची आहेत. वादळाचा इशारा आता खोल समुद्रातल्या तांडेलाला थेट होडीवर मिळतो आणि त्यालाही तिथून मदतीची हाक देता येते. प्रवासी लाँचवर बसणाऱ्या आपल्यासाठी मात्र पहिला निरोप अजून धक्क्यावरच मिळतो. तो सांगणाऱ्याचं ऐकावं आणि डबा उरणच्या पीरवाडीच्या किनाऱ्यावर बसून खावा.