बँजोच्या हाताची गोष्ट
क्लॉहॅमर बँजो शिकायला बसलात की पहिला धडा एकच: तार वर ओढायची नाही, नखाने खाली मारायची, मग अंगठा आखूड तारेवर. सेनेगल-गांबियातले जोला लोक आकोन्टिंग हे भोपळ्याचं वाद्य असंच वाजवतात. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर हा हात तिकडे गेला. व्हर्जिनियाचा गोरा जोएल स्वीनी कृष्णवर्णीयांकडून बँजो शिकला आणि १८४०च्या दशकात तोंडाला काळं फासून रंगमंचावर गाजला. पुढे बँजो म्हणजे डोंगराळ अ‍ॅपलाचियातल्या गोऱ्यांचं वाद्य, हा समज पक्का झाला. २००५मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावी कृष्णवर्णीय बँजोवादक जमले. रियानन गिडन्ससारख्या तरुणांनी वारसा परत मागितला. शिकवणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचा हात मात्र प्रत्येक नवशिक्याला आजही गिरवावा लागतो.