महारोगाचा माग : नाकातून

मार्च १८९७. प्लेगने हादरलेल्या मुंबईत जर्मन सरकारचे वैद्यकीय पथक उतरले. मे महिन्यात खुद्द रॉबर्ट कॉख येऊन त्याला मिळाले. याच पथकात गेओर्ग श्टिकर नावाचे एक वैद्य होते. आले प्लेगसाठी, पण त्यांचे लक्ष दुसऱ्याच व्याधीकडे वळले. तिला तेव्हा महारोग म्हणत, आज आपण कुष्ठरोग म्हणतो.

मुंबईला हा रोग नवा नव्हता. १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला रुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले होते. (हो, शाळिग्रामांसोबत मराठी पोवाडे संग्रहित करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच!) रोगाचा जंतूही ठाऊक होता. नॉर्वेत हॅन्सन यांनी तो १८७३ मध्येच पाहिला होता. अडले होते ते एवढ्यावरच, की हा जंतू शरीरातून बाहेर पडतो कोठून? सर्वांची नजर त्वचेवर, झडलेल्या बोटांवर, वाहणाऱ्या जखमांवर होती.

श्टिकरांनी नाकात पाहिले. नाकातला स्राव घ्यायचा, काचपट्टीवर पातळ पसरायचा, ऊब देऊन फुक्सिनच्या लाल रंगात भिजवायचा, मग आम्लाने धुवायचा. इतर जंतूंचा रंग उतरतो. मेणचट आवरणामुळे कुष्ठजंतूंचा मात्र टिकतो. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांच्या जुड्या दिसू लागतात. तपासलेल्या १५३ रुग्णांपैकी १२८ जणांच्या नाकात त्यांना हे जंतू आढळले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेत त्यांनी मांडले की रोगाचा आरंभच नाकात होतो. आरंभाविषयीचा हा दावा सर्वांना पटला नाही, आणि तो सिद्धही झाला नाही. जंतू बाहेर पडण्याची मोठी वाट नाक आहे, हे मात्र पुढे खरे ठरले.

आता कायद्याकडे पाहा. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात महारोगी कायदा आला. त्याच्या मूळ व्याख्येत महारोगी कोण? ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत तो. आणि पकडून आश्रमात ठेवायचे कोणाला? भीक मागणाऱ्याला किंवा निर्वाहाचे साधन नसलेल्याला. नाकाचा उल्लेखही नाही. बधिर पायाला जखम झालेला भिकारी, ज्याच्या शरीरात जंतू जेमतेम असू शकत, तो कोंडला जाई. नाकातून असंख्य जंतू सोडणारा, पण व्रण नसलेला सधन रुग्ण मोकळा राही. रोगापेक्षा दारिद्र्य नजरेआड करण्याकडेच या कायद्याचा कल होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तो रद्द व्हायला २०१६ उजाडले.

मोजणी खऱ्या अर्थाने आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकन संशोधक शेपर्ड यांना तीव्र स्वरूपाच्या रुग्णांच्या नाकात दहा हजारांपासून एक कोटीपर्यंत जंतू आढळले. १९७४ मध्ये डेव्ही आणि रीस यांनी दाखवले की अशा रुग्णाच्या नाकातून दिवसाला एक कोटीपर्यंत जिवंत जंतू बाहेर पडू शकतात. ‘जिवंत’ हा शब्द येथे कळीचा. रंगवलेल्या काचपट्टीवर मेलेला जंतूही लालच दिसतो, आणि हा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. म्हणून शेपर्ड यांनी १९६० मध्ये शोधलेली, उंदराच्या तळपायात जंतू वाढवण्याची पद्धत निर्णायक ठरली. पुढे पीसीआर आले आणि निरोगी माणसांच्या नाकातही जंतूच्या जनुकीय खुणा सापडू लागल्या. त्यांतील बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही.

रिफाम्पिसिनच्या एकाच मात्रेने बहुतांश जंतू मरतात. हे औषध असलेली बहुविध औषधोपचार पद्धती १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली, आणि रुग्णाला घरातून हलवण्याचे कारणच उरले नाही. आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर फिरणारे आरोग्यसेवक नाकाचा नमुना घेत नाहीत. ते विचारतात : अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का?